केळीसाठी केलेला धूर

मला केळीच्या झाडाचा राग येतो. फळाचा नाही. फळ मी खाते, मुलांच्या डब्यात घालते, पूजेला आणते. पण कुणाच्या मागच्या अंगाला केळ उभी दिसली की माझं डोकं उठतं. आणि सुरतेच्या बमरोलीत राहून ती दिसणार नाही, असं होत नाही. आमच्या सोसायटीत निम्मी घरं खानदेशातून आलेली. खानदेशच्या माणसाला हातभर माती मिळाली की तुळशीच्याही आधी तो मुनवा लावतो. मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिलू. ते खणून दुसरीकडे लावायचं. त्याची केळ होते, ती एकदाच घड देते आणि संपते, पण तोवर तिच्या बुंध्याशी नवं पिलू उभं असतं. म्हणजे ही बया एकदा घरात शिरली की बाहेर जातच नाही.

आमच्याकडे ती आबांनी आणली. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं गाव चोपड्याच्या बाजूला, तापीकाठी. स्वतःची जमीन नव्हती. दुसऱ्यांच्या बागांत आजोबा राबले, मग आबा राबले, आणि लग्न होऊन आल्यावर मायही तिथेच राबली. तिकडे नुसतं बाग म्हटलं तरी ती केळीचीच. मी मायच्या पोटात असताना दोघं सुरतेला आले. आबा कौतुकाने सांगायचे की आपण त्याच तापीच्या खालच्या टोकाला आलो, जसं काही नदीनेच त्यांना आणून सोडलं. आणलं होतं गावच्याच एका माणसाने. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात माणूस पाहिजे, असा त्याने निरोप धाडला होता.

कापड रंगवायच्या उकळत्या मशिनीपुढे आबांची हयात गेली. वाफ, रंगाची पूड, आम्लाचा नाकात चढणारा वास. लहानपणी ते कामावरून आले की मी त्यांची नखं बघायचे. आज खात्यात कुठला रंग चालू होता ते नखांवरून ओळखायचं, हा माझा खेळ. जांभळा असला की मी फार खूश व्हायचे. तोच रंग आत छातीतही जात असणार, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिलवाल्यांच्या आलं असेल, तर त्यांनी ते स्वतःपाशीच ठेवलं.

खोकला लागला, मग दम लागायला लागला, मग जिना चढवेना, आणि मिलने त्यांना आराम करा म्हणून घरी पाठवलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि सांगितलं की फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत, ती आता मऊ होणार नाहीत. औषध आहे ते फक्त त्रास कमी व्हावा म्हणून. धूळ नको, धूर नको, थंडी नको. हवा मात्र मोकळी हवी. बाहेर आल्यावर आबांनी मला विचारलं की मग सुरतेत राहायचं कुठे. मला हसू आलं आणि लगेच हसल्याचा राग आला.

घरी बसल्यावर त्यांचं सगळं लक्ष त्या मागच्या पट्टीवर गेलं. घराची मागची भिंत आणि सोसायटीचं कंपाउंड यांच्यामध्ये एक खाट कशीबशी मावेल एवढी ती जागा. तिच्यात केळी, एक पपई, कोपऱ्यात अळू आणि कंपाउंडवर चढवलेली नागवेल. मागच्या खोलीची एकुलती एक खिडकी ह्या पट्टीत उघडायची. घरात शब्द चालत नाही, पायात त्राण नाही, पगार नाही, अशा माणसाला तेवढंच एक राज्य उरलं होतं. मी लेस लावायच्या साड्या मांडीवर घेऊन दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे. मी बोलत असायचे आणि आबा खिडकीतून पानं मोजत असायचे. आपल्या बोलण्यापेक्षा माणसाला केळीचं पान जास्त महत्त्वाचं वाटतं, हे कुणालाही झोंबेल.

आता कुणी म्हणेल, सुरतेत थंडी ती काय. सुरती माणूस तर थंडीची वाट बघतो. स्वेटर पेटीतून निघतात, पोंकच्या गाड्या लागतात, ज्वारीचे कोवळे दाणे शेव घालून खायला अख्खं गाव नदीकाठी जातं. त्या दिवसांत सुतकी चेहरा करून फिरणारा सुरतेत एकच माणूस, आमचे आबा. इथे पानांवर पाणी गोठत नाही, बर्फ तर सोडाच. पण केळ गोठायची वाट बघत नाही. रात्री हवा नुसती बोचरी झाली, वारा उत्तरेचा सुटला, की तिची वाढ थांबते, पानं पिवळी पडून कडेने करपतात. पपईची पानं खाली मान घालतात. नागवेलीवर काळे डाग पडतात आणि ती एका सकाळीच मरते. आबांच्या गावाकडे ह्याला चरका बसला म्हणतात. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे केळ निसवायच्या वेळेला थंडी येणं. निसवणं म्हणजे तिच्या पोटातून घड बाहेर पडणं. आबा हे सांगायचे तेव्हा नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावायचे.

"थंडीमा निसवनी ना, ते घड गळामाच अटकी जास," ते म्हणायचे. "ना भाईर येस, ना मांगे जास."

म्हणून दर हिवाळ्यात आमच्याकडे झाडांचं बाळंतपण चालायचं. बुंध्यांना बारदान गुंडाळायचं. मुळांशी वाळलेली पानं आणि उसाचं पाचट पसरायचं. पपईच्या डोक्यावर मायची जुनी साडी, काठ्या रोवून वरच्या वर ताणलेली, पानाला टेकता कामा नये, नाहीतर दवाने ओली झालेली साडीच पान खाते. नागवेलीपुढे मिलमधून आणलेल्या कोऱ्या कापडाचा पडदा. संध्याकाळी घालायचं, ऊन वर आलं की काढायचं, कारण दुपारी इथे घाम येतो आणि झाकलेलं झाड आतल्या आत शिजतं. पहाटे बोअरचं पाणी सोडायचं, ते जमिनीतून कोमट येतं. मी म्हणायचे, घरातली माणसं फाटक्या शालीत आणि केळीला गोधडी. माय हसायची. आबांना ते विनोद वाटायचे नाहीत.

ज्या हिवाळ्याचं मी सांगते आहे त्यात थंडी खरीच पडली. टीव्हीवर रोज थंडीची लाट सांगत होते. शाळांच्या वेळा बदलल्या. मिलच्या पाळीवरून परतणारी पोरं कोपऱ्यावर टायर पेटवून शेकायला लागली. आबांची तब्येत दिवाळीपासूनच उतरली होती. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबावं लागायचं. जेवताना घास तोंडात धरून आधी श्वास घ्यायचा आणि मग चावायचा. दुपारचं ऊन मिळावं म्हणून मायने त्यांची खाट मागच्या खोलीत खिडकीला लावली. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती, म्हणून खिडकीच्या काचेच्या पट्ट्या उघड्या ठेवायच्या आणि आबांनी कानटोपी घालून पडायचं, असं ठरलं.

आणि नेमकी त्याच दिवसांत मधली केळ निसवायला आली. शेवटचं आखूड पान बाहेर पडलं. त्याच्या मागून घड येतो, हे एव्हाना मलाही माहीत झालं होतं. आबांना झोप लागेना. एका पहाटे ते उठले आणि शाल गुंडाळून बोअर चालू करायला मागे गेले. मी सकाळी दूध घेऊन आले तर ते उंबऱ्यावर बसलेले, ओठ निळे, बोलता येत नव्हतं, हाताने काही नाही काही नाही असं सांगत होते. मी त्यांना आत आणलं आणि मग माझं तोंड सुटलं. ती केळ मी आज कोयत्याने तोडणार आहे, असं मी म्हणाले. घड आला काय नि नाही काय, बाजारात केळी मिळतात, बाप मिळत नाही. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कोयता घरात कुठे आहे ते मला माहीत नव्हतं, आणि मायने सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मायने त्यांच्या चपला कपाटावर टाकल्या आणि रात्री झोपताना मागच्या दाराला कुलूप घालायला सुरुवात केली. पाणी मी सोडीन, बारदान मी बांधीन, तुम्ही हलायचं नाही, असं तिने त्यांना बजावलं. ते हलले नाहीत. पण त्यांनी धुराचा धोशा लावला. एवढ्या थंडीला पाण्याने भागत नाही, बारदानाने भागत नाही, धूरच पाहिजे. गावाकडे असल्या पहाटे बांधाबांधावर पाचट पेटवून वरून ओलं गवत टाकायचे. ज्वाळ नको, नुसता जाड धूर. वारा पडलेला असतो, धूर वर जात नाही, बागेवर पसरून बसतो आणि खालची ऊब खालीच धरून ठेवतो. आबांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं की मी कान झाकून घेतले. धुराचं नाव काढायचं नाही, डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरलात का, असं मी विचारलं. ते म्हणाले, डॉक्टरांनी घरातल्या धुराचं सांगितलं, हा बाहेरचा.

हे वाक्य मायने ऐकलं. ती चूल फुंकत मोठी झालेली बाई. तिच्या लेखी धूर दोन होते. एक चुलीचा, जो घरात असतो, डोळ्यांत जातो, छातीत जातो आणि ज्याच्यावरून डॉक्टर रागावतात. दुसरा बागेचा. तो गावाबाहेर असतो, झाडांसाठी असतो, आणि त्याने कुणाला काही झालेलं तिने पाहिलं नव्हतं. बाग आणि घर ह्यांच्यामध्ये तिकडे अर्ध्या कोसाची वाट असायची. इथे एक खिडकी होती. पण माणूस जिथे वाढतो तिथलीच मापं घेऊन फिरतो. आपण धूर केला की ह्यांना बाहेर जायची गरज उरणार नाही, ह्यांचा जीव शांत होईल, एवढाच तिचा हिशेब. ह्यांना वाचवायचं म्हणून तिने तो धूर केला, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

पाचट तर झाडांच्या मुळाशी घातलेलं, ते काढून चालणार नव्हतं. वाळलेली पानं थोडीच. पण चिंध्या आमच्या वस्तीत पाण्याआधी मिळतात. ज्या घरात साडीचं काम चालतं त्या घरामागे पॉलिस्टरच्या कतरणीची पोती पडलेली. मायने दोन घरांतून पोती मागून आणली. पहाटे उठून मागच्या दाराचं कुलूप काढलं, बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली, आबा उठून मागे यायला नकोत म्हणून. पत्र्याच्या घमेल्यात वाळली पानं पेटवली, वर चिंध्या, वर ओलं बारदान.

मी दूध घेऊन गल्लीत वळले तेव्हाच वास आला. जळक्या प्लास्टिकचा, घशाला चिकटणारा. शेजारच्या गुजराती बेन ओट्यावर उभ्या होत्या, नाकाला पदर लावून. तुमच्या मागे कुणी काय जाळतंय बघा जरा, असं त्यांनी मला सांगितलं. मी आत गेले. पुढच्या खोलीत थोडाच धूर होता. मागच्या खोलीचं दार ढकललं तर समोरची भिंत दिसेना. खाटेवर आबा बसलेले होते, दोन्ही हात गादीवर रेटून, मान पुढे, तोंड उघडं. आत काही जात नव्हतं. आवाज येत होता, पण तो श्वासाचा नव्हता.

खिडकीच्या पट्ट्यांतून मला मायची पाठ दिसली. ती सुपाने वारा घालत होती आणि धूर केळीकडे सारत होती. केळीपलीकडे कंपाउंड. कंपाउंडला आपटून तो सगळा घराकडे परत येत होता.

रिक्षात आबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. माय पलीकडे, त्यांचा हात धरून, तिच्या लुगड्याला तोच वास. तिने एकदाही विचारलं नाही की काय झालं. तिला रिक्षात बसेपर्यंत कळलं होतं. मला तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. मला तिचा राग आला होता, केळीचा आला होता, मिलचा आला होता, आणि मांडीवर मावणाऱ्या एवढ्याशा माणसाला एवढं जड केळीचं वेड देणाऱ्या त्या गावाचाही आला होता.

दवाखान्यात त्यांच्या तोंडाला मास्क लावला. तरुण डॉक्टर होत्या. छातीला नळी लावून ऐकलं, आबांच्या सदऱ्याचा वास घेतला आणि आमच्याकडे वळून गुजरातीत विचारलं की धूर कुणी केला, माणूस असा आजारी असताना. त्यांचा आवाज चढलेला होता. मायने तोंड उघडलं. तेवढ्यात आबांनी मास्क हाताने खाली ओढला.

"धुमाडो में कर्यो, साहेब," ते गुजरातीतच म्हणाले. धूर मी केला.

एवढं बोलायला त्यांना किती श्वास लागला ते मी पाहिलं. डॉक्टरांनी मास्क परत बसवला आणि त्यांनाच रागावल्या. मग त्या गेल्यावर आबांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मास्कच्या आतून ते आपल्या बोलीत म्हणाले, "सर्वासले हाईच सांगजो." सगळ्यांना हेच सांग. माय खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिने ऐकलं की नाही, मला तेव्हा समजलं नाही.

त्यानंतर ते काही दिवस होते. बोलले नाहीत. सुरतेतली थंडी ओसरली, वॉर्डातले पंखे पुन्हा फिरायला लागले, आणि उत्तरायणाच्या पतंगांचा दंगा खिडकीबाहेर चालू असताना ते गेले. ती केळ काही मेली नाही. घड मात्र धड बाहेर पडलाच नाही. बुंध्याच्या वरच्या टोकाला एका बाजूने साल फाटली, त्यातून चार वाकड्या फण्या डोकावल्या आणि तिथेच राहिल्या. म्हणजे धुराचा केळीलाही उपयोग झाला नाही.

दिवसांना गावाकडून माणसं आली. बायका आत चटईवर, पुरुष बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी आबांचा शब्द पाळला होता. जो विचारेल त्याला सांगत होते, पहाटे उठले, कुणाला न सांगता मागे गेले, केळीला धूर केला. आबांची थोरली बहीण, माझी फुई, हे ऐकून कपाळावर हात मारून घ्यायची आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला पुन्हा ऐकवायची. लहानपणापासून असाच हट्टी, बापाचं ऐकलं नाही, डॉक्टरचं काय ऐकणार. झाडापायी गेला आणि हिच्या कपाळाचं कुंकू घेऊन गेला. बायका माना हलवायच्या. बाहेर पुरुषांच्यात तर त्याची गोष्ट झाली होती. सुरतेत काय, थंडीत काय, केळीला धूर काय. कुणीतरी हसलंही. दुखवट्याला आलेली माणसं चहा पिता पिता हसतात, त्यात नवीन काही नाही. पण ते आबांना हसत होते, आणि आबांनी ते हसणं स्वतः मागून घेतलं होतं. मला चहाची किटली त्यांच्या अंगावर ओतावीशी वाटली.

माय भिंतीला टेकून बसलेली असायची. दहाव्याच्या दुपारी फुईने पुन्हा तेच सुरू केलं, की माझ्या भावाला अक्कल असती तर आज तो ह्या दारात बसला असता. माय सरळ झाली.

"धूर त्यासनी नही करा," ती म्हणाली. "मी करा."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. असं म्हणू नये, दुःखाने डोकं चालत नाही, नवऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर घेते बिचारी. फुई सरकून तिच्याजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि बायकांना म्हणाली की बघा, अशी बायको मिळायला भाग्य लागतं. मायने त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तिला थोपटलं. कुणीतरी पाणी आणलं. ती खरं बोलत होती आणि त्यासाठी तिची वाहवा होत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

आबांनी मला काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पण आबा गेले होते आणि माय समोर होती. मी म्हणाले की ती सांगते ते खरं आहे. आबांच्या चपला कपाटावर होत्या. मागच्या दाराला बाहेरून कडी होती. त्यांना धूर करता आलाच नसता. धूर मायने केला आणि आबांनी दवाखान्यात तो स्वतःवर घेतला, तिला कुणी बोलू नये म्हणून.

फुईचा हात मायच्या पाठीवर होता. तो तिने काढून घेतला. बाकीच्या एकेक करून पदर सावरत बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने फुई गावाला परत गेली. तेराव्याला ती थांबली नाही, आणि त्यानंतर आमच्या उंबऱ्याला आली नाही. मायला ह्याचं वाईट वाटलं नाही. उलट त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी मागच्या खोलीत बसलो. खाट काढून टाकली होती. मला वाटलं, आता सगळं बोलून झालं, आता तिला झोप लागेल. ती खालच्या आवाजात बोलायला लागली. मी धूर करत होते ना, ती सांगत होती, तेव्हा मध्येच एकदा मागे वळले होते. धूर तोवर फार नव्हता. खिडकीतून तुझे वडील दिसले, उठून बसलेले.

"मी देखं, ते त्यासनी हात वर करा," माय म्हणाली.

मग काय झालं, असं मी विचारलं. तिने समजावून सांगितलं. गावाकडे बागेला धूर करताना बायका एका बांधावर विस्तव सांभाळायच्या आणि पुरुष बागेच्या पार दुसऱ्या टोकाला उभे राहायचे, धूर तिथवर पोचतो का बघायला. तोंडाला फडकं बांधलेलं, हाक ऐकू जायची नाही. मग तिकडच्या माणसाने हात वर केला की समजायचं, इथवर आला नाही, आणखी टाका. लग्नानंतरचे कितीतरी हिवाळे ती आबांचा वर झालेला हात बघून विस्तवात पाचट टाकत आली होती. त्या पहाटेही तिने हात पाहिला आणि उरलेलं सगळं पोतं घमेल्यात रिकामं केलं. मग पाठ फिरवून वारा घालायला लागली.

"तुना बाप आखो मांगत व्हता," तिने मला विचारलं, "का बस म्हनत व्हता?"

मी एका दमात सांगून टाकलं की आणखीच मागत असतील. केळीसाठी त्यांचा जीव तुटत होता, तिच्याशिवाय त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं, आणखीच मागत असणार. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

माय माझ्याकडे बघत होती. तिला राग आला नव्हता. "तू कव्हय गयी व्हती बागमा?" तिने विचारलं.

मी कधीच गेले नव्हते. मी सुरतेची. सुट्टीत गावाला जाताना बसच्या खिडकीतून हिरवी रांग दिसायची तेवढीच माझी बाग. मी तिला विचारलं की मग तिकडे पुरे झालं, आता टाकू नका, हे कसं सांगायचे. हाताची काहीतरी वेगळी खूण असेल ना.

माय आठवत राहिली. खरंच आठवत होती, कपाळाला आठी घालून.

"बस म्हनानी खूणच नव्हती, बाई," ती म्हणाली. "थंडीमा धूरले कोन बस म्हनी?"